मातीखालचीं अंडीं

प्रवरेच्या काठीं उसाचा बांध खणतांना, किंवा जुन्या वाड्याची भिंत उतरवितांना, कुदळीखालीं कधीं कधीं पांढऱ्या, लांबट अंड्यांचा एकमेकांस चिकटलेला पुंजका निघतो. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत हा प्रसंग अपूर्व नव्हे. कोणी तीं अंडीं तत्काळ ठेचतो. कोणी कनवाळू गृहस्थ टोपलींतून घरीं आणतो, कापसावर मांडतो आणि दिव्याची ऊब देतो. दुर्दैव असें कीं, बहुधा दोहोंकडे तीं मरतातच.

याला कारण कोंबडीचा दाखला. कोंबडी आपलीं अंडीं वारंवार परतते. सापाचें अंडें परतल्यास आंतील गर्भ दगावूं शकतो, कारण तो लवकरच वरच्या बाजूस कवचाच्या पडद्याला चिकटून वाढूं लागतो. म्हणून जाणकार मनुष्य अंडें उचलण्यापूर्वीं त्याच्या माथ्यावर पेन्सिलीनें खूण करतो. कवचही चामड्यासारखें मऊ असतें. तें भोंवतालची ओल शोषून फुगतें. कोरड्या कापसावर सुरकुततें, आणि पाणी सांचल्यास त्यावर बुरशी चढते. धामणीच्या अंड्यांना साधारण 28 ते 30 अंश सेल्सिअस ऊब आणि दमट माती सुमारें दोन महिने लागते. मग पिलूं तोंडाच्या टोंकावरील इवल्याशा दातानें कवच चिरतें आणि डोकें बाहेर काढून कित्येक तास स्वस्थ बसतें! उरलेला बलक तें त्या वेळीं पोटांत घेत असतें. हौशी हातानें त्यास ओढणें म्हणजे घातच.

हें काम नीट कसें होतें तें पाहावयाचें तर कोंकणांत जावें. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें ग्रामस्थांच्या साह्यानें 2002 पासून समुद्रकासवांचीं अंडीं राखण्याचें काम आरंभिलें. तेथें ना यंत्र, ना दिवा. कुंपणाच्या आंत वाळूंत अंडीं पुरतात. ऊब सूर्य देतो.

धामण बिनविषारी आहे, आणि उंदरांचा फडशा पाडणारा इतका स्वस्त राखणदार उसाच्या मालकास दुसरा मिळावयाचा नाहीं. परंतु नागाचीं अंडींही दिसावयास अशींच असतात; नागीण बहुधा जवळच असते, आणि तिचें पिलूं उपजतांच विषारी असतें. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें सापांना संरक्षण आहे. परवानगीवांचून घरीं अंडीं उबविण्याचा उद्योग करूं नये. तेव्हां मागें सरावें, जागा ध्यानांत ठेवावी आणि वनविभागास कळवावें. भिंत उतरविणें दोन महिने लांबण्यासारखें असेल, तर तें खुशाल लांबवावें.