झग्याच्या चुण्या

मायबहिणींनो, पोरीच्या झग्याला चुण्या घालायच्या, तर आधी कापड पुरते का ते पाहा. पहिल्या वेळी मी कमरेच्या दुप्पटच कापड घेतले. चुण्या घालता घालता ते आटले. ऐन दिवाळीत झगा थोरलीला होईना. पोर दिवसभर रडली.

चुणी घातली की तिथे कापड तीन पदरी होते. म्हणून कमर 20 इंच, तर कापड 60 इंच हवे. दोन्ही टोकांच्या शिवणीला 2 इंच वेगळे.

आता हत्यार. जुन्या पुठ्ठ्याची 1 इंच रुंद पट्टी कापा. बस्स, एवढेच! शिवणीचा 1 इंच सोडा. तिथून पुढे काठाला पट्टी लावत जा आणि दर इंचाला खडूची खूण करा. पहिली खूण उचला, तिसरीवर ठेवा. चौथी सहाव्या खुणेवर, सातवी नवव्या खुणेवर. असे टोकापर्यंत. नुसत्या अंदाजाने घालाल, तर एक चुणी बोटभर, दुसरी दोन बोटे होईल.

चुणी पडली की लगेच कच्चा दोरा घाला. मग पाणी शिंपडा आणि तांब्यात निखारे भरून वरून फिरवा. तांब्या फडक्याने धरा हो! हे सुती कापडालाच, नायलॉन जळेल. कमरपट्टी शिवल्यावर कच्चा दोरा काढा.

माझा तो पहिला झगा मग धाकटीने घातला.