कादिस : समुद्राच्या वेढ्यातील नगर



स्पेनविषयी बोलणारा मनुष्य ग्रानादाच्या अलांब्रा राजवाड्यापाशी बहुधा अडकून पडतो. आम्ही आज त्याला बगल देऊन दक्षिणेच्या कादिस बंदरात उतरणार आहोत. जमिनीची एक अरुंद पट्टी सोडली तर या नगराला चहूंकडून समुद्र आहे. तूर नगरीच्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी इ. स. पूर्व ११०० च्या सुमारास ते वसवले, अशी परंपरा आहे. उत्खननात मिळालेले पुरावे त्यानंतर दोनतीनशे वर्षांनी सुरू होतात. परंपरेला तेवढी मोकळीक द्यावयास हरकत नाही!

मीना चौकातील संग्रहालयात फिनिशियनांच्या दोन संगमरवरी शवपेटिका आहेत. पुरुषाची पेटिका १८८७ साली सापडली. तिच्या जोडीची स्त्रीचीही असली पाहिजे, या ध्यासाने पेलायो किंतेरो या संशोधकाने पुष्कळ शोध केला. ती सापडली १९८० साली, त्याच्या मृत्यूनंतर; आणि तीही, असे सांगतात, त्याच्याच जुन्या घराच्या जागी. जन्मभर ज्याच्यावर झोपला तेच तो गावभर धुंडाळीत होता! त्याच १९८० साली जुन्या वस्तीखाली रोमन नाट्यगृहही उजेडात आले.

पुढे १७१७ साली अमेरिकेच्या व्यापाराची कचेरी सेव्हियाहून येथे आली आणि गावात पैसा खेळू लागला. व्यापाऱ्यांनी आपापल्या घरांवर टेहळणीचे मनोरे उभारले. असे शंभराहून अधिक मनोरे आजही उभे आहेत; त्यांतल्या ताविरा मनोऱ्यावर अवश्य चढावे. मोठे देवालय १७२२ साली सुरू होऊन १८३८ साली पुरे झाले. तेवढ्या काळात शिल्पकारही बदलले, अभिरुचीही बदलली, आणि ते दिसतेही. त्याच्या तळघरात संगीतकार मान्वेल द फाया चिरनिद्रा घेत आहे.

परंतु आम्हांस थांबावयाचे आहे ते सान फेलिपे नेरीच्या लंबवर्तुळाकार प्रार्थनामंदिरात. १८१० ते १८१२ फ्रेंच फौजांनी कादिसला वेढा घातला होता. राजा फर्नांदो नेपोलियनच्या कैदेत होता. आणि अशा वेळी पलीकडून तोफा चालू असताना, येथे बसून प्रतिनिधींनी राज्यघटना रचली! ती १९ मार्च १८१२ रोजी जाहीर झाली. तो संत योसेफाचा सण; योसेफाचे लाडके नाव पेपे, म्हणून लोकांनी घटनेचे नाव ठेवले ‘ला पेपा’. सार्वभौमत्व राजाचे नव्हे, राष्ट्राचे, असे तिने सांगितले. समुद्रापलीकडच्या मुलखातील प्रतिनिधीही त्या सभेत होते.

आता दुसरी बाजू. ज्यांच्या वंशात आफ्रिकेचे रक्त होते त्यांना नागरिकत्व विशेष गुण दाखवूनच मिळावयाचे होते, आणि गुलामगिरी तशीच राहिली. धर्म एकच, कॅथलिक. समतेची भाषा बोलणाऱ्यांनी दाराशी पहारा ठेवलाच होता. हे झाकून त्या मंदिराची स्तुती करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

तरीही ठिणगी दूर गेली. पोर्तुगालने १८२२ ची आपली घटना पुष्कळशी याच नमुन्यावर केली, आणि लिस्बनच्या सभेसाठी त्याच वर्षी गोव्यातून बर्नार्दो पेरिस द सिल्व्हा व कोंस्तांसियो रोक द कोस्ता हे गोमंतकीय निवडले गेले. मांडवीकाठच्या माणसाला कादिस अगदीच परके नाही ते असे.

आणि कादिसच्या पदरी काय पडले? राजा सुटून आला; ४ मे १८१४ रोजी त्याने घटना रद्द केली आणि तिच्या पुरस्कर्त्या प्रतिनिधींना तुरुंगात घातले. १८२० साली ती परत आली, १८२३ साली फ्रेंच फौजेने पुन्हा मोडली.

बंदराजवळच्या एस्पान्या चौकात घटनेचे भव्य स्मारक आहे. शताब्दीनिमित्त १९१२ साली सुरू झालेले हे काम १९२९ साली संपले. तेथे गेलात तर वरच्या मूर्तींकडे मान उंचावण्यापूर्वी खाली पाहा. तेथे एक दगडी खुर्ची आहे. तिच्यावर कोणीही बसवलेले नाही.