आधी पाणी, मग गड



वसंत व्याख्यानमालेत वसंताचे कौतुक व्हावे हे योग्यच. पण आपल्या रत्नागिरीत वसंत येतो तो घामाच्या धारा घेऊन. याच दिवसांत परीक्षा संपतात आणि आपली मुले पाठीवर पिशव्या टाकून गडांकडे निघतात. त्यांनी जावे, अवश्य जावे. परंतु निघण्यापूर्वी त्यांच्याशी आणि त्यांच्या आईवडिलांशी चार शब्द बोलावेत, एवढाच आज माझा हेतू आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांचे प्रकरण आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, पाणी नसून जागा मात्र मोक्याची असेल, तर प्रथम खडक फोडून टाकी करावीत, असे त्यात बजावले आहे. तट-बुरूज त्यानंतर. ज्यांनी गड उभे केले त्यांचा हा नियम; आणि आपण एवढीशी बाटली घेऊन भर दुपारी त्यांवर चढू पाहतो!

कोणी म्हणेल, आपल्याकडे पारा काही नागपूरइतका चढत नाही. हीच तर फसगत आहे. घाम सुटल्याने शरीर थंड होत नाही. घाम वाळल्याने होते. कोरड्या हवेत तो वाळतो, आपल्या दमट हवेत नुसता निथळतो. अंगातले पाणी जाते, मीठ जाते, पण गारवा येत नाही. चढावर तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि राबणारे स्नायू आतून उष्णतेची भर घालीतच असतात.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्काराचा मोठा समारंभ झाला. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. माणसे बसलेली होती, कोणी डोंगर चढत नव्हते. तरी त्या उन्हाने १४ जणांचे प्राण घेतले.

आपल्या खेड तालुक्यात रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे तीन गड एकाच रांगेत आहेत. तरुणपणी एका मे महिन्यात आम्ही पाच मित्र रसाळगडाहून सुमारगडाकडे निघालो. अकराच्या सुमारास आमच्यातला सर्वांत बडबड्या गप्प झाला. आम्ही थट्टा केली. थोड्या वेळाने तो अडखळू लागला, भलतेच बोलू लागला. एका धनगरवाड्यातल्या आजीबाईंनी त्याला झापाच्या सावलीत निजवले, ओल्या फडक्याने अंग पुसले, वारा घातला आणि सावध झाल्यावर मिठाचे ताक दिले. मग आम्हाला म्हणाल्या, “आमची गुरंसुद्धा या वेळी सावली धरतात रे बाळांनो!” तो वाचला. पुढे कळले, डोके तासभर दुखत होते. पण लाजेने त्याने सांगितले नव्हते.

म्हणून लक्षणे ओळखा. डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे, लघवी गडद आणि थोडी होणे ही पहिली सूचना, तेथेच थांबा. माणूस असंबद्ध बोलू लागला वा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि तातडीने दवाखान्याची वाट धरा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात मात्र पाणी ओतू नका.

नुसते पाणी पीत राहणेही पुरेसे नाही. मीठही भरून यायला हवे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे असंख्य रोगी वाचवले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ: हे औषध प्रत्येक घरात आहे. मीठ घातलेले कोकमाचे सरबत तर आपल्या घरचेच.

पहाटे निघा, दहाच्या आत सावली गाठा, वाटेवरचे टाके आटले आहे का ते गावात विचारून घ्या. आणि मुलांनो, एक गोष्ट मनाशी धरा. ‘मला बरे वाटत नाही’ म्हणणारा भित्रा नव्हे, आणि त्याच्यासाठी मागे फिरणारेही नव्हेत. गड शेकडो वर्षे उभे आहेत. पुढल्या थंडीतही ते तेथेच असतील. आपणही असलो पाहिजे.