आपल्या दप्तराची किल्ली

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मंगल प्रसंगी संस्थापकांचे पुण्यस्मरण करावे, देणगीदारांचे ऋण मानावे, हे उचितच. त्या मानाने माझा विषय रुक्ष आहे. मी २०१४ सालापासून आपल्या कार्यालयातील संगणकांची देखभाल करीत आलो आहे. चिटणीसांनी आज्ञा केली की, ‘तुमचे ते लिनक्स म्हणजे काय, आणि तुम्ही खाली मान घालून करता तरी काय, हे सभासदांना एकदा कळू द्या.’ ती आज्ञा शिरसावंद्य मानून उभा राहिलो आहे. कंटाळा आला तर क्षमा करावी.

प्रथम ही प्रणाली आपल्याकडे आली कशी, ते सांगतो. विंडोज एक्सपी या जुन्या प्रणालीची दुरुस्ती-सुधारणा ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. आपल्या कार्यालयात तेव्हा तीच चालत असे. नवी प्रणाली घ्यावी तर तिचे पैसे, आणि ती पेलण्यास नवी यंत्रे घ्यावी तर त्यांचे पैसे. खजिनदारांनी मला एवढेच विचारले, ‘हे पैसे शिष्यवृत्तीच्या निधीतूनच ना जाणार?’ मी निरुत्तर झालो. त्याच आठवड्यात त्या तीन जुन्या यंत्रांवर मी लिनक्स बसविले. त्यांपैकी एक त्यानंतरही सहा वर्षे पावत्या छापीत होते.

लिनक्सचा आरंभ १९९१ सालचा. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी हौसेने एक प्रणाली लिहीत होता. त्याने ऑगस्टात ती गोष्ट जाहीर केली आणि नंतर आपले सर्व लेखन जगापुढे उघडे ठेविले. त्याच्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला होता. या दोन प्रवाहांच्या संगमातून आजची प्रणाली उभी राहिली. आपणांपैकी पुष्कळांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असेल. त्याच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. म्हणजे ही काही परकी वस्तू नव्हे. आपण तिच्याशी रोज बोलतो, फक्त ओळख झालेली नाही.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने घोटाळा होतो. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. हे सॉफ्टवेअर बहुधा फुकट मिळते हे खरे, पण त्याचे मर्म ‘मुक्त’ या शब्दात आहे. आपल्या न्यासाच्या हिशेबाची वही कोणाही सभासदास पाहता येते, चूक असेल तर दाखविता येते. तसेच येथे कार्यक्रमाचे मूळ लेखन कोणासही वाचता येते, सुधारता येते, दुसऱ्यास देता येते.

याचा व्यवहारात उपयोग काय? पूर्वी आपली सभासदांची नोंद एका विकत घेतलेल्या कार्यक्रमात असे. तो करणाऱ्या मंडळींनी धंदा बंद केला आणि यंत्र बदलताच नऊ वर्षांची नोंद कुलूपबंद झाली. माहिती आपली, पण किल्ली दुसऱ्याची! शेवटी जुन्या छापील याद्या शोधून सारी नावे पुन्हा टंकावी लागली. आता आपली कागदपत्रे लिबरऑफिसमध्ये, ओडीएफ या खुल्या स्वरूपात ठेविली जातात. २००६ साली हे स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक झाले. उद्या लिबरऑफिस नाहीसे झाले, तरी ते स्वरूप जाणणारा कोणीही आपले दप्तर उघडू शकेल.

मी काही केवळ गुणगान करण्यास उभा नाही. अडचणी येतात. एका छपाईयंत्राने मला दोन रविवार रडविले. विवरणपत्रे भरण्याच्या काही कामांसाठी एक यंत्र आजही दुसऱ्या प्रणालीवर ठेवावे लागते. पण सर्वांत मोठी चूक झाली ती प्रणालीची नव्हे, माझी. ती या सभेपुढे कबूल करतो.

दप्तराची नक्कल रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर उतरावी अशी व्यवस्था मी केली होती. लिनक्समध्ये ‘क्रॉन’ नावाचा एक न थकणारा सेवक आहे. नेमून दिलेल्या वेळी नेमून दिलेले काम तो करतो. २०१६ च्या दिवाळीत कार्यालयाची साफसफाई झाली आणि त्या डिस्कची तार निघाली. कोणाचा दोष नाही. आता गंमत अशी की, डिस्क निघाली तरी ती जेथे जोडावयाची त्या नावाचा रिकामा कप्पा मूळ यंत्रातच शिल्लक राहतो. क्रॉनने इमानेइतबारे नक्कल घेतली, ती त्याच कप्प्यात, म्हणजे त्याच यंत्रात. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवावी, तसे झाले. मी मात्र रोजची ‘काम झाले’ ही नोंद पाहून निश्चिंत होतो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये यंत्राची डिस्क गेली. बाहेरच्या डिस्कवर दिवाळीपर्यंतचे सारे होते. त्यानंतरच्या देणग्यांच्या पावत्या आणि शिष्यवृत्तीचे अर्ज मात्र नाहीसे झाले. शिष्यवृत्तीचा निर्णय तीन आठवड्यांवर आला होता.

त्या वेळी आपले जमाखर्च पाहणारे काका होते. संगणक आल्यावर मीच त्यांना मोठ्या तोऱ्यात म्हटले होते, ‘काका, आता ही वही बंद करा.’ त्यांनी वाद घातला नाही, आणि वहीही बंद केली नाही. प्रत्येक अर्ज, प्रत्येक पावती त्यांच्या वळणदार अक्षरात नोंदलेली होती. बारा संध्याकाळी काका वाचून दाखवीत आणि मी टंकीत असे. एकाही मुलाची शिष्यवृत्ती बुडाली नाही. ‘मी सांगत होतो’ हे शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आले नाहीत. ते शब्द आले असते तर बरे वाटले असते, असे मला आजही वाटते.

तेव्हापासून नक्कल घेण्यापूर्वी यंत्र स्वतःच पाहते की बाहेरची डिस्क जागेवर आहे किंवा नाही. नसेल तर काम थांबवून माझ्या फोनवर निरोप धाडते. एक प्रत दुसऱ्या इमारतीत असते. आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी नकलेतून एक कागद परत काढून पाहतो. नक्कल परत काढून पाहिल्याखेरीज ती आहे असे मी आता समजत नाही.

अलीकडची एक जागतिक घटना सांगतो. ‘एक्सझेड’ नावाचे एक लहानसे साधन आहे. माहिती आवळून लहान करणे हे त्याचे काम. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर ते असते. कित्येक वर्षे ते मुख्यत्वे एकच स्वयंसेवक सांभाळीत होता, आणि आपली ओढाताण होते हे त्याने उघडपणे लिहिलेही होते. ‘जिया टॅन’ असे नाव सांगणारा कोणी मदतीस आला, दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून त्याने विश्वास संपादिला आणि २०२४ च्या आरंभी त्या साधनात चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास एवढेच जाणवले की, यंत्रात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. त्याने मूळ शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी जगास सावध केले. आपल्या यंत्रांवर डेबियनची स्थिर आवृत्ती होती. तिच्यात तो दरवाजा पोहोचला नव्हता. तरी बातमी वाचताच मी एकेक यंत्र तपासले.

सर्व उघडे होते म्हणून चोरी सापडली, हे खरे. पण सारा भार एका थकलेल्या माणसावर होता म्हणून चोर आत शिरला, हेही तितकेच खरे.

ती हकीकत वाचताना मला आपले कार्यालय आठवले. येथेही तो एकटा माणूस मीच. गेल्या पावसाळ्यात मी अकरा दिवस रुग्णालयात होतो, तेव्हा कार्यालयास एक पावती छापता आली नाही. परवलीचा शब्द माझ्या डोक्यात आणि डोके ग्लानीत! परक्याच्या हातची किल्ली काढून घेतली ती आपल्या सर्वांच्या हाती यावी म्हणून. ती माझ्या एकट्याच्या खिशात राहिली तर न्यासाने काय मिळविले?

आपल्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालास बोलाविले आणि राज्यभर मोफत वाचनालयांचे जाळे उभारण्यास हात घातला. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. पुस्तक सर्वांना मोकळे होते, पण गावात पेटी उघडणारा आणि नोंद ठेवणारा कोणीतरी लागेच.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. सर्व परवलीचे शब्द लखोट्यात मोहोरबंद करून मी अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे, तो न्यासाच्या लॉकरमध्ये ठेवावा. आणि आपल्या कुटुंबांतील दोन तरुणांनी, मुलगा असो वा मुलगी, रविवारी सकाळी दोन तास माझ्याजवळ यावे. पूर्वज्ञान नसले तरी चालेल. रोजच्या कामाची वही मी मराठीत लिहून ठेविली आहे. काकांइतके अक्षर चांगले नाही, पण लागते. पोह्यांची व्यवस्था माझ्याकडे.