साथ ओसरल्यावर येणारा ताप



व्याख्यानमालेत वैद्यकाचा विषय ठेवला की श्रोत्यांच्या मनात दोन शंका येतात. वक्ता एकतर आपल्याला घाबरवणार, नाहीतर पथ्याची यादी वाचून दाखवणार. आज ह्यांतले काहीच करण्याचा माझा विचार नाही. मला एका आजाराची हकीकत सांगायची आहे. २०२० पूर्वी हा आजार जगात कोणालाही ठाऊक नव्हता. त्याने थोडीच मुले आजारी पडली. पण जी पडली ती फार आजारी पडली.

२०२० च्या मार्चअखेर ह्या आपल्या बुलढाण्यात करोनाने पहिला बळी घेतला, ते दिवस आपणांपैकी कोणी विसरलेले नाही. शेगावचे मंदिर बंद, बाजार बंद, शाळांना कुलपे. त्या सगळ्या अंधारात आईबापांना एकच दिलासा होता, की मुलांना हा रोग फारसा बाधत नाही. तो दिलासा खोटा नव्हता. मुलांच्या नाकातल्या पेशी विषाणूची चाहूल लागताच इंटरफेरॉन नावाचे द्रव्य मोठ्यांच्या मानाने लवकर सोडतात आणि बहुतेक मुलांत रोग तिथेच अडवला जातो. सर्दी, थोडा ताप, आणि दोन दिवसांनी मूल पुन्हा अंगणात!

पण इटलीतल्या बेर्गामो शहरी काही निराळेच दिसू लागले. १८ फेब्रुवारी ते २० एप्रिल २०२० ह्या दोन महिन्यांत तिथल्या रुग्णालयात दहा मुले सतत ताप, अंगावर लाल पुरळ, लाल डोळे अशी लक्षणे घेऊन आली. त्याआधीच्या पाच वर्षांत मिळून अशी मुले एकोणीस आली होती. लगेच लंडनहून आठ मुलांची बातमी आली. बहुतेकांच्या नाकात विषाणू सापडेना. रक्तात मात्र विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडत होती. म्हणजे शत्रू येऊन गेला होता; दोन ते सहा आठवड्यांपूर्वीच गेला होता, आणि ताप आता चढला होता. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने ह्या आजाराची व्याख्या ठरवली आणि ‘एमआयएस-सी’ हे त्याचे नाव रूढ झाले. मुलांच्या अनेक अवयवांना एकाच वेळी होणारा दाह, असा त्याचा सरळ अर्थ.

लक्षणे पाहून सर्वांना जपानचे डॉक्टर तोमिसाकू कावासाकी आठवले. १९६१ च्या जानेवारीत टोकियोत त्यांच्याकडे एक चार वर्षांचा मुलगा आला. ताप, पुरळ, लाल ओठ, सुजलेले हातपाय. आजार पुस्तकात बसेना. कावासाकींनी घाई केली नाही. सहा वर्षे असे एकेक मूल टिपून ठेवले आणि १९६७ साली पन्नास मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे कळले की ह्या तापात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना फुगवटे येतात. हे गृहस्थ ज्या २०२० साली जग त्यांचे नाव पुन्हा घेऊ लागले, त्याच वर्षीच्या जूनमध्ये पंचाण्णव वर्षांचे होऊन निवर्तले. त्यांच्या आजाराचे कारण तोवर सापडलेले नव्हते, आजही नाही.

नवा आजार मात्र हुबेहूब तो नव्हे. कावासाकींचे रुग्ण बहुधा पाच वर्षांखालचे. हे आठ-नऊ वर्षांचे, शाळेत जाणारे. ह्यांचे पोट इतके दुखे की काहींच्या बाबतीत अपेंडिक्सचा संशय येई. आणि हृदयाचा स्नायूच मंदावून रक्तदाब खचत असे. मुंबईच्या रुग्णालयांतील अशा तेवीस मुलांचा वृत्तान्त २०२० सालीच ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ ह्या नियतकालिकात आला. त्यांतली निम्म्याहून अधिक मुले रक्तदाब खचलेल्या अवस्थेतली होती. पुढच्या वर्षी महाराष्ट्र शासनाने डॉ. सुहास प्रभू ह्यांच्या अध्यक्षतेखाली बालरोगतज्ज्ञांचे कृतिदल नेमले. २०२१ च्या जून-जुलैत झालेल्या राष्ट्रीय पाहणीत सहा ते नऊ वर्षांच्या सुमारे ५७ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. इतक्या मुलांना विषाणू शिवून गेला होता, बहुतेकांच्या घरी त्याचा पत्ताही नव्हता.

आता मुख्य प्रश्न. चोर निघून गेल्यावर घरात एवढी मोडतोड कोण करते?

आपल्या शरीरात टी-पेशी नावाचे राखणदार असतात. प्रत्येकाला एकच चोर ओळखता येतो. ज्वारीच्या माळ्यावरच्या राखण्यासारखा तो आपल्याच वावरापुरता गोफण फिरवतो. म्हणून लाखो चोरांसाठी लाखो राखणदार. ह्या मुलांच्या रक्तात शास्त्रज्ञांना असे दिसले, की एका विशिष्ट घराण्याचे, ‘टीआरबीव्ही ११-२’ ह्या खुणेचे, राखणदार एकदम वाढले आहेत. जणू कोणी दवंडी पिटली आणि एका आळीतले सगळे लोक काठ्या घेऊन बाहेर पडले, चोर ओळखीचा असो वा नसो. काही जंतूंची विषे अशी दवंडी पिटतात हे पूर्वीपासून ठाऊक होते. तेव्हा करोनाच्या काट्यातच तसा अंश असावा, असा तर्क निघाला. तर्क आकर्षक होता. पण बराचसा संगणकावर जुळवलेला होता. २०२५ साली बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की हे वाढलेले राखणदार एपस्टाइन-बार नावाच्या दुसऱ्याच विषाणूला ओळखतात. हा विषाणू लहानपणी बहुतेकांच्या शरीरात शिरतो आणि जन्मभर झोपून राहतो. करोनानंतर ह्या मुलांच्या रक्तात एक द्रव्य बेसुमार वाढते, त्याने राखणदारांचे हात बांधले जातात, आणि झोपलेला विषाणू जागा होतो, असे त्यांचे म्हणणे. मला हा खुलासा अधिक पटतो, तरी तो सर्वांना लागू पडेल असे मी म्हणणार नाही.

कारण दुसरेही धागे आहेत. २०२४ साली अमेरिकेत असे आढळले की सुमारे एक-तृतीयांश मुलांची प्रतिपिंडे ‘एसएनएक्स ८’ ह्या स्वतःच्याच प्रथिनावर तुटून पडतात. त्या प्रथिनाचा एक तुकडा विषाणूच्या तुकड्यासारखा दिसतो. चोराच्या अंगावरचा सदरा घरच्या माणसाच्याही अंगावर, आणि मार घरच्याला! ५५८ मुलांच्या दुसऱ्या एका तपासात पाच मुले अशी निघाली, की विषाणूला आवरल्यावर दाहही आवरणारी जी जन्मजात व्यवस्था असते तिच्यातच त्यांच्याकडे उणीव होती. ह्या संशोधनात एक गंमतही झाली. काही मुलांत सापडलेली नाना प्रकारची प्रतिपिंडे त्यांची स्वतःची नव्हतीच. औषध म्हणून टोचलेल्या, इतरांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांबरोबर ती आली होती. शास्त्राने स्वतःचे कान असे पिळावेत, हे मला आवडते.

हजारोंत एखाद्याच मुलाला हे का व्हावे? २०२० च्या जूनमध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा कोणी त्यात अपशकुन पाहिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. रंग क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा निघाला. पाणी आटून क्षार वाढले आणि त्यांना हवी ती स्थिती मिळाली. ह्या आजारातही केवळ जंतूकडे पाहून भागत नाही. तो कोणत्या पाण्यात पडला हे पाहावे लागते.

उपचारांकडे वळतो. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून एकत्र केलेली प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, शिरेतून देतात. वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम. वीस किलोच्या मुलाला चाळीस ग्रॅम लागते आणि त्याची किंमत ऐकून शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. म्हणून २०२१ सालच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीला आपल्याकडे मोठे महत्त्व आहे. हे महाग औषध, स्वस्त स्टिरॉइड आणि दोन्ही एकत्र, ह्या तिन्ही मार्गांनी गेलेल्या मुलांच्या बरे होण्यात तिला ठळक फरक दिसला नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातील अशा मुलांना स्टिरॉइड देण्याची शिफारस केली. वेळेवर उपचार मिळालेल्या बहुतेक मुलांचे हृदय काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत झाले. मात्र स्टिरॉइड स्वस्त आहे म्हणून कोणी दुकानातून आणून देऊ नये. टायफॉइडच्या किंवा क्षयाच्या मुलाला ते घातक ठरू शकते.

आणि खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे मुलाचा ताप म्हणजे टायफॉइड, डेंग्यू, मलेरिया. विदर्भात स्क्रब टायफसही आहे. घाटाखालच्या एखाद्या गावात मूल चौथ्या दिवशी निपचित पडते आणि त्याला हृदयाची सोनोग्राफी होईल अशा ठिकाणी न्यायचे, तर एवढ्या अंतरात रक्तदाब वाट पाहत बसत नाही. २०२४ पासून बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. हे अंतर त्याने कमी करावे, अशी अपेक्षा ठेवण्याचा आपणांस हक्क आहे.

ओमिक्रॉननंतर, आणि बहुतेक मुलांत लसीने किंवा संसर्गाने प्रतिकारशक्ती आल्यावर, हा आजार विरळ झाला आहे. कावासाकींचा ताप मात्र करोनाच्या आधीही होता आणि आताही आहे. तो दहा दिवसांच्या आत ओळखून इम्युनोग्लोब्युलिन दिले, तर धमन्यांना फुगवटे येण्याचे प्रमाण शंभरांत पंचवीसवरून चार-पाचावर येते. म्हणून ताप पाच दिवस हटत नसेल, डोळे चिपडांशिवाय लाल असतील, ओठ फुटले असतील, अंगावर पुरळ असेल, तर डॉक्टरांना ही सगळी लक्षणे एका दमात सांगा. गेल्या महिना-दीड महिन्यात घरात कोणाला सर्दी-खोकला झाला होता का, तेही त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा.