दुष्काळी औंधातला हिमालय

सातारा जिल्ह्यातला खटाव तालुका म्हणजे पर्जन्यछायेतला मुलूख. याच तालुक्यात, औंधच्या यमाईच्या डोंगरावर, श्रीभवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभारलं. राजेसाहेब स्वतः चित्रकार. त्यामुळे इथली निवड हौशी धनिकाची वाटत नाही, जाणकाराची वाटते.

बहुतेक पाहुणे राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं 'आई आणि मूल' हे शिल्प बघून परततात. माझा आग्रह मात्र लघुचित्रांपाशी थांबण्याचा. इथे पहाडी शैलीतली, किरातार्जुनीयाच्या कथेवरची चित्रमाला आहे. अर्जुन तपासाठी हिमालयात जातो, किरातवेषातल्या शंकराशी झुंजतो. म्हणजे कथाच डोंगर-अरण्यात घडते. आणि पहाडी चित्रकार हिमालयाच्या पायथ्याशीच राहणारे. झरे, उतार, झाडी त्यांच्या रोजच्या पाहण्यातली. खारीच्या केसांचा बारीक कुंचला, खनिज आणि वनस्पतिज रंग. झाडाचं पान न् पान वेगळं काढायचं, वाहतं पाणी नाजूक रेघांनी दाखवायचं, ही त्यांची रीत. पाश्चात्त्य निसर्गचित्रासारखी दूरत्वाची मोजणी इथे नसते. डोंगर एकावर एक रचत जातात. मला तरी त्यात उणीव वाटत नाही.

ही चित्रं तळहाताएवढी नसली तरी लहानच. लांबून काही कळत नाही. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला जाता येतं. संग्रहालयाच्या वेळेची आधी चौकशी करा आणि लघुचित्रांसाठी वेळ राखून ठेवा.