चार खिंडींची प्रदक्षिणा

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आपल्या पंचांगात संवत्सरे साठ. प्रभवापासून क्षयापर्यंतची साठ नावे संपली की पुन्हा प्रभव येतो. ज्या संवत्सरात आपल्या शाळेची घंटा प्रथम वाजली, त्याच नावाचे संवत्सर साठ वर्षांनी परत आले आहे. शाळेची एक प्रदक्षिणा पूर्ण झाली, असे म्हणावयास हरकत नाही. संस्थेच्या इतिहासाविषयी अधिकारी वक्ते बोलणार आहेतच. मी आज एका निराळ्या प्रदक्षिणेविषयी बोलणार आहे. गेल्या ऑगस्टमध्ये आपल्या एका माजी विद्यार्थिनीच्या आग्रहावरून मी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ती चार दिवसांत पायी पूर्ण केली.

या विषयाला एक कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्या नववीच्या मुलामुलींचे गिरिभ्रमण शिबिर उत्तराखंडात गेले होते. खिंड जेमतेम दोनशे मीटरांवर असताना ढग भरून आले आणि प्रमुख शिक्षकांनी सर्वांना माघारी फिरविले. परतल्यावर काही पालकांनी विचारले, ‘‘बाई, एवढा खर्च केला आणि मुले वर पोहोचलीच नाहीत?’’ दुसऱ्या काही पालकांनी नेमके उलट सांगितले, की असा धोका असेल तर शिबिर बंदच करावे. दोन्ही बाजूंची तळमळ मला समजते. त्या दोहोंना द्यावयाचे उत्तर मला या वाटेवर अधिक स्पष्टपणे दिसले, म्हणून हा प्रपंच.

कोलोरॅडोत अ‍ॅस्पेन नावाचे गाव आहे. तेथून जवळच मरून लेक हे सरोवर आहे, आणि त्याच्या माथ्यावर मरून बेल्स ही तांबूस-जांभळ्या रंगाची जोडशिखरे उभी आहेत. एकाची उंची १४,१५६ फूट, दुसऱ्याची १४,०१४. या शिखरांना वेढा घालून जाणारी वाट ‘फोर पास लूप’, म्हणजे चार खिंडींची वाट, म्हणून ओळखली जाते. अंतर सुमारे ४२ ते ४५ किलोमीटर. चारही खिंडी बारा हजार फुटांच्या वर आहेत : वेस्ट मरून सुमारे १२,५००, फ्रिजिड एअर १२,४००, ट्रेल रायडर १२,४०० आणि बकस्किन १२,४६० फूट. आपले कळसूबाई शिखर ५,४०० फूट आहे, एवढे सांगितले म्हणजे कल्पना यावी. प्रत्येक खिंड ओलांडून पुन्हा खोऱ्यात उतरावे लागते, त्यामुळे एकूण चढाई साडेसात-आठ हजार फुटांची होते. बहुतेक लोक शिखरे उजव्या हाताला ठेवून चालतात. देवळात आपण देवाला उजवीकडे ठेवून फिरतो, तशीच ही शब्दशः प्रदक्षिणा होते.

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ या वाटेला योग्य; त्याआधी खिंडींवर बर्फ साचलेला असतो. या अल्प उन्हाळ्यात तेथील सृष्टीची जी लगबग चालते, ती पाहण्यासारखी आहे. कुरणांत निळी-पांढरी कोलंबाइनची फुले फुललेली असतात. ते त्या राज्याचे मानाचे फूल. खडकांच्या खचात पायका नावाचा सशाच्या कुळातील मूठभर प्राणी तोंडात गवत धरून पळताना दिसतो. हा हिवाळ्यात झोपी जात नाही, म्हणून उन्हाळाभर गवत वाळवून खडकांखाली त्याची गंजी रचून ठेवतो. त्याचा शेजारी मार्मोट मात्र खाऊन खाऊन लठ्ठ होतो आणि हिवाळाभर बिळात झोपतो.

आता थोडे खडकांविषयी. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. मरून बेल्स त्याहून कितीतरी जुन्या, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या चिखल-गाळाच्या थरांनी बनलेल्या आहेत. लोहाच्या गंजामुळे त्यांना तांबडा रंग आला. दिसावयास ही शिखरे अतिशय सुंदर. परंतु हा पंकाश्म ठिसूळ, थर उताराच्या दिशेने कललेले, आणि हाताला आलेला दगड हातातच सुटून यावा अशी त्याची रीत. १९६५ या एका वर्षात येथे पाच निरनिराळ्या अपघातांत आठ जणांचा मृत्यू झाला आणि या शिखरांना ‘डेडली बेल्स’, म्हणजे प्राणघातक बेल्स, असे दुसरे नाव पडले. वाटेवर वनखात्याने तसा इशाराफलकही लावला आहे.

तिकडील गिर्यारोहक चढाईच्या पाच श्रेणी मानतात. पहिली सरळ चालण्याची. दुसरीत मधूनमधून हात टेकावे लागतात. तिसरीत हात आणि पाय दोन्ही वापरून कातळ चढावा लागतो. चौथीत हात सुटला तर प्राणावर बेतू शकते. पाचवीत दोराशिवाय जाऊच नये. आमची वाट पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची होती. शिखरांवर जाणाऱ्यांना मात्र वाट सोडून तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत शिरावे लागते.

ट्रेल रायडर खिंडीच्या उतरणीवर, खाली स्नोमास सरोवर दिसत असताना, घसारा आणि मोठाले धोंडे लागतात. तेथे माझ्या विद्यार्थिनीने मला कातळावर वावरण्याचे जे नियम सांगितले, ते सह्याद्रीत फिरलेल्यांना अपरिचित नाहीत. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी कातळावर टेकलेले असावेत, एका वेळी एकच हलवावा. भार टाकण्यापूर्वी दगड हलवून पाहावा. दुसऱ्याच्या थेट खाली उभे राहू नये. दगड सुटला तर मोठ्याने ओरडून खालच्यांना सावध करावे. आणि ज्या जागेवरून उतरता येईल याची खात्री नाही, ती जागा चढू नये. ज्या मुलीला मी पाचवीत व्याकरण शिकविले, ती पुढे चालत मला हे समजावून देत होती आणि मी मुकाट्याने ऐकत होते, हे सांगताना मला विशेष आनंद होतो.

पहिल्याच दिवशी वेस्ट मरूनच्या खोऱ्यात दोन तरुण भेटले. पहाटे शिखरासाठी निघाले होते आणि अर्ध्यावरून परत आले होते. आम्ही कारण विचारले. ‘‘रात्री पाऊस झाला, दगड ओले होते,’’ एवढेच ते म्हणाले आणि शांतपणे न्याहारी करू लागले. त्या उत्तरात खंत नव्हती आणि बढाईही नव्हती. आपली मुले एखाद्या परीक्षेतून, स्पर्धेतून परत येतात तेव्हा इतक्या शांतपणे ती आपल्याला काही सांगू शकतात का, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

या वाटेवरील सर्वांत मोठा धोका खडकाचा नाही, तो दुपारचा आहे. सकाळच्या उन्हाने उतार तापतात, दमट हवा वर चढते आणि दुपारपर्यंत तिचे गडगडाटी ढग होतात. जुलै-ऑगस्टमध्ये तर हे जवळजवळ नित्याचे. सुमारे साडेअकरा हजार फुटांवर वृक्षरेषा संपते. तिच्या वर उघड्या धारेवर माणूस हाच सर्वांत उंच उभा असतो आणि वीज उंचवटाच शोधते. म्हणून नियम असा की मध्यान्हीपूर्वी खिंड ओलांडून झाडीत उतरलेच पाहिजे. आम्ही रोज पहाटे अंधारात निघत होतो. तिसऱ्या खिंडीच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत दुपार झाली आणि ढग जमू लागले, तेव्हा तेथेच तंबू ठोकला. संध्याकाळी ऊन पडले, पण दुसऱ्या दिवशीची पहाट होईपर्यंत कोणी जागचे हलले नाही.

वर्तुळाकार वाटेचे आणखी एक वैशिष्ट्य पालकांनी ध्यानात घ्यावे. सरळ वाटेवर माणूस केव्हाही मागे फिरू शकतो. येथे दुसरी खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरलात की मागे दोन खिंडी आणि पुढेही दोनच. बाहेर पडण्याच्या इतर वाटा आहेत, परंतु त्या भलत्याच खोऱ्यात, आपल्या गाडीपासून फार दूर नेऊन सोडतात. तेव्हा दुखरा गुडघा, सरलेला शिधा, उंचीमुळे चढलेली डोकेदुखी यांचा विचार दुसऱ्या खिंडीच्या अलीकडेच करावा लागतो. साडेबारा हजार फुटांवर प्रत्येक श्वासाला समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी प्राणवायू मिळतो. तेथे थकलेले मन नीट विचार करीत नाही. निर्णयाचे निकष म्हणूनच खाली, शांत डोक्याने ठरवून घ्यावयाचे असतात.

हा सारा प्रदेश १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने राखलेला आहे. तेथे रस्ता नाही, वाहन नाही, सायकलसुद्धा नाही. मुक्कामासाठी परवाना लागतो, अन्न अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात ठेवावे लागते आणि आपला कचरा आपणच पाठीवर वाहून परत आणावा लागतो. माणूस तेथे पाहुणा आहे, ही त्या कायद्यामागची भूमिका. चार दिवसांत मला वाटेवर चॉकलेटचा एक कागदही दिसला नाही. आपल्या गडकिल्ल्यांची स्थिती आठवून मन खिन्न झाले.

आता शिबिराकडे वळते. ज्या पालकांना वाटते की मुले वर पोहोचली नाहीत म्हणून शिबिर वाया गेले, त्यांना माझे सांगणे असे की त्या दिवशी बत्तीस मुलांनी एक अवघड निर्णय कसा घेतला जातो हे प्रत्यक्ष पाहिले. हा धडा वर्गात फळ्यावर देता येत नाही. आणि ज्यांना शिबिर बंद व्हावेसे वाटते, त्यांना सांगते की ही मुले मोठी होऊन डोंगरात जाणारच आहेत. आपल्याबरोबर गेली नाहीत तर एकटी, मोबाइलवर चित्रफीत काढण्याच्या नादात जातील. कोणत्या दगडावर भार टाकू नये, हे त्यांना तेव्हा कोण सांगणार?

येत्या मे महिन्यात शिबिर पुन्हा उत्तराखंडात जाईल. मे महिन्यातही तेथे दुपारी ढग येतातच. म्हणून मध्यान्हीच्या ठोक्याला, खिंड कितीही जवळ असो, पावले मागे वळतील. प्रमुखांचा निर्णय अंतिम राहील. कोणत्याही मुलामुलीने ‘‘मला पुढे जावयाचे नाही’’ असे म्हटले, तर त्याची किंवा तिची थट्टा होणार नाही. हे तीनही नियम संमतिपत्रावर छापले आहेत. सही करण्यापूर्वी ते मुलांना शेजारी बसवून मोठ्याने वाचून दाखवावेत, ही माझी पालकांना विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना डोंगराचा अभ्यास आहे, त्यांनी शिबिरात आठ दिवस द्यावेत, ही दुसरी विनंती. मला वाट दाखविणारी विद्यार्थिनी यंदा रजा घेऊन येणार आहे. तिच्या जोडीला आणखी चौघे-पाच जण हवे आहेत. नावे कार्यालयात नोंदवावीत.

आणि मुले परत आली, की ‘‘वर पोहोचलास का?’’ हा प्रश्न जरा उशिरा विचारावा. आधी त्यांना जेवू घालावे, आणि काय काय पाहिले ते सांगू द्यावे.